बेशरमाचे विष आणि शेळीचा मेंदू

बालाघाटच्या डोंगररांगांच्या आश्रयाने पसरलेल्या अहमदपूर तालुक्यात फाल्गुन सरला म्हणजे रानातील हिरवा रंग एकेका ठिकाणाहून निघून जाऊ लागतो. आधी माळावरचे कुसळीचे गवत वाळून जाते, मग बांधावरचा हराळीचा पट्टा करपतो, मन्याडच्या पात्रातील वाळू उघडी पडते, आणि चैत्र-वैशाखात जनावरांच्या तोंडी लागेल असा पाला बाभळी-लिंबांच्या उंच फांद्यांवर तेवढा उरतो. या करपलेल्या मुलखात ओढ्याच्या काठाने, पाझर तलावाच्या सांडव्याखाली, रस्त्याकडेच्या चरांत आणि गावाबाहेर साचलेल्या सांडपाण्यावर एकच झुडूप मात्र भर उन्हात टवटवीत उभे असते आणि फिकट जांभळ्या-गुलाबी फुलांनी बहरलेलेही असते. त्याला आपल्याकडे सगळे बेशरम म्हणतात. रस्त्यातील खड्ड्यांत त्याच्या फांद्या रोवून नगरपालिकेचा निषेध करण्याची रीत मराठवाड्यात चांगली रुळलेली आहे, त्यामुळे हे झुडूप ओळखत नाही असा माणूस या भागात सापडणे कठीण. पण ओळख आणि माहिती या दोन गोष्टी भिन्न आहेत. आणि या झुडपाच्या पानांत असलेले विष शेळीच्या मेंदूतील पेशींचा नाश कसकसा करते, याची माहिती ज्यांची शेरडे-करडे त्याच पानांवर उन्हाळा काढतात त्यांच्यापर्यंत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही.

हे झुडूप मूळचे आपले नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून ते शोभेसाठी आणि कुंपणासाठी जगभर नेण्यात आले, आणि आयपोमिया कार्निया या शास्त्रीय नावाने ओळखले जाणारे हे रताळ्याचे सख्खे भावंड आपल्या ओढ्यानाल्यांतून इतके पसरले की जुन्या माणसांनाही ते परके वाटेनासे झाले. त्याची तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली तरी मूळ धरते. पाण्यात उभे राहिले तरी ते कुजत नाही आणि पाणी आटले तरी सहजासहजी मरत नाही. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, असा सार्वत्रिक समज आहे, आणि म्हणूनच परसाच्या व शेताच्या कुंपणासाठी लोकांनी ते हौसेने लावले. हा समज निम्मा खरा आहे. पोटभर चारा असलेले जनावर बेशरमाकडे खरोखरच पाठ फिरवते. परंतु उपाशी जनावराला निवडीचा अधिकार नसतो, आणि अहमदपूरसारख्या तालुक्यात, जिथे पैसेवारी पन्नासच्या आत येण्याचे प्रसंग वारंवार घडतात, तिथे उपाशी जनावर ही काही क्वचित आढळणारी वस्तू नाही.

वनस्पतींच्या विषाची कल्पना आपल्या शेतकऱ्यांना नाही, असे मात्र कोणी समजू नये. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते, हे इथल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. पावसाने ओढ दिल्यामुळे खुंटलेली, गुडघ्याएवढीही न वाढलेली ज्वारी, किंवा कापणीनंतर धसकटातून फुटलेले हिरवे कोंब बैलाने खाल्ले की काही मिनिटांतच त्याचा श्वास फुलतो, तोंडाला फेस येतो, पाय ताठतात, तो कोसळतो, आणि औषधोपचार होण्यापूर्वीच पुष्कळदा प्राण जातो. या ज्वारीतील ड्युरिन नावाचे द्रव्य डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली ओळखले. ड्युरिन स्वतः तितकेसे घातक नाही; पण पान चावले गेले की पेशींच्या निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेले ड्युरिन आणि त्याचे विघटन करणारे विकर एकत्र येतात, गुरांच्या पहिल्या पोटातील सूक्ष्म जीव त्या क्रियेला हातभार लावतात, आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल मुक्त होते. हे आम्ल रक्तातून पेशीपेशीत जाऊन, प्राणवायूचा उपयोग करून ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांमधील शेवटच्या विकराला घट्ट चिकटते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, इतका की शिरांतील रक्तही लालभडक दिसते; पण पेशींना तो वापरता येत नाही. ऊर्जेची फार मोठी आणि अखंड गरज मेंदूच्या पेशींना असल्यामुळे पहिला बळी त्यांचा जातो, आणि श्वासोच्छ्वासाचे नियमन करणारे केंद्र बंद पडताच सारा खेळ आटोपतो. पशुवैद्य वेळेवर पोहोचला आणि त्याने सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिले, तर जवळजवळ मेलेले जनावर उठून उभे राहिल्याची उदाहरणे आहेत.

धोतऱ्याची तऱ्हा याहून निराळी. त्यातील अॅट्रोपीन आणि त्याच्या जातीची अन्य द्रव्ये चेतापेशीला मारत नाहीत. एका पेशीने दुसऱ्या पेशीकडे पाठविलेला रासायनिक संदेश जिथे स्वीकारला जावयाचा, ती जागाच ही द्रव्ये अडवून बसतात. म्हणून बुबुळातील बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, आतड्यांची हालचाल मंदावते, जनावर बावचळते. पण विषाचा अंमल उतरला आणि जनावर वाचले तर चेतापेशी पूर्ववत काम करू लागतात. विदर्भात भाताच्या मागून पेरल्या जाणाऱ्या लाखीच्या डाळीचे उदाहरण याहून दारुण आहे. दुष्काळात गरिबांनी महिनोन्‌महिने लाखीवरच गुजराण केली तर पायांतील बळ जाते, टाचा उचलल्या जातात, आणि माणूस आयुष्यभर काठीच्या आधाराने फरफटत चालतो, हे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागरच्या बाजूला पाहून १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. या लाखीतील विषारी अमिनो आम्ल बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, आदिगा आणि सर्मा या संशोधकांनी १९६४ साली वेगळे काढले. मेंदूतील ग्लुटामेट नामक उत्तेजक संदेशद्रव्याशी त्या आम्लाचे इतके साधर्म्य आहे की चेतापेशी त्याला ग्लुटामेटच समजते, उत्तेजित होते, आणि उत्तेजना थांबतच नसल्यामुळे आत शिरणाऱ्या कॅल्शियमच्या भाराखाली अखेर मरते. घोडेही लाखीने असेच लुळे पडतात.

किराळ आणि धोतरा यांच्या तुलनेत बेशरमाचे विष, लाखीप्रमाणेच, अत्यंत संथ आहे, आणि त्याचा खरा धोका मला या संथपणातच दिसतो. बेशरमाची पाने खाऊन शेळी त्या दिवशी मरत नाही, दुसऱ्या दिवशीही मरत नाही. उलट हिरवा पाला पोटात गेल्याने राखणाराला थोडा निर्धास्तपणाच वाटतो. काही आठवडे हा क्रम चालला की शेळी वाळू लागते, तिची लव विस्कटलेली आणि निस्तेज दिसते, डोळ्यांतील चपळाई जाते, कळपातून ती मागे पडू लागते. मग मागच्या पायांत अशक्तपणा येतो. उभी राहताना ती चारी पाय फाकून उभी राहते, चालताना पाय नको इतका उंच उचलते आणि भलतीकडेच टाकते. स्वस्थ असताना फारसे काही दिसत नाही, पण चारा तोंडात धरायला मान पुढे केली की डोके कापू लागते, आणि लक्ष्य जितके जवळ येते तितके ते अधिक कापते. कोणी हाकलले, कुत्रे भुंकले, तर पळण्याच्या प्रयत्नात ती एका अंगावर पडते. तिचे डोके हाताने मिनिटभर वर धरून एकदम सोडले, तर निरोगी शेळी मान खाली आणून सावरते. ही शेळी मात्र तोल जाऊन मागे कोसळते. मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ झालेली शेळीही तोल सोडून गोल गोल फिरते, आणि दुष्काळात केवळ उपासमारीनेही शेळ्या वाळतात व पडतात. त्यामुळे पुष्कळ गावांत या रोगाची नोंद रोग म्हणून होतच नाही. किराळीने बैल मेला तर त्याचा पंचनामा होतो. बेशरमाने खंगलेली शेळी मात्र कसायाला विकली जाते आणि तिथेच तिची कैफियत संपते.

या विषाचा शोध लागण्याची हकीकत फार बोधप्रद आहे, आणि ती अहमदपुरापासून हजारो कोसांवर सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत गुरे, मेंढ्या आणि विशेषतः घोडे काही रानटी शेंगवर्गीय झुडपे खाऊन वेडसर होतात, हे तेथील पशुपालकांना एकोणिसाव्या शतकातच कळून चुकले होते. त्या झुडपांना ते लोकोवीड म्हणत. सरकारी संशोधकांपैकी क्रॉफर्ड यांनी १९०८ साली असे प्रतिपादन केले की हा सारा दोष त्या वनस्पतींत साठलेल्या बेरियम या धातूचा आहे. मार्श यांनी जनावरांना ती झुडपे पद्धतशीर खाऊ घालून रोग त्यांच्यापासूनच होतो हे १९०९ साली दाखवून दिले, पण झुडपांतील कोणते द्रव्य याला कारणीभूत आहे हा प्रश्न सुमारे सत्तर वर्षे अनुत्तरित राहिला. उत्तर आले ते ऑस्ट्रेलियातून, आणि तेही दुसऱ्याच दिशेने. अँगस जातीच्या काही वासरांना एक आनुवंशिक रोग होतो. त्यात पेशींमधील मॅनोज या शर्करेचे विघटन करणारे अल्फा-मॅनोसिडेज हे विकर जन्मतःच अपुरे असते, आणि त्या वासरांच्या मेंदूतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्यांनी भरलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलियातील स्वेन्सोना नामक रानटी झुडूप खाऊन बिघडलेल्या मेंढ्यांच्या मेंदूतही हुबेहूब त्याच पोकळ्या दिसत होत्या, आणि या मेंढ्यांना तर तो आनुवंशिक रोग नव्हता. मर्डोक विद्यापीठातील डॉर्लिंग, हक्स्टेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली यावरून अनुमान बांधले की त्या झुडपातील एखादे द्रव्य हेच विकर निकामी करीत असले पाहिजे, आणि पुढच्याच वर्षी ते द्रव्य वेगळे काढून त्याला स्वेन्सोनीन असे नाव दिले. १९८२ साली मॉलिन्यू आणि जेम्स यांना तेच द्रव्य अमेरिकेतील लोकोवीडमध्ये सापडले. पुढे आपल्या बेशरमातही तेच निघाले. तीन खंडांत विखुरलेल्या वनस्पतींचा हा समान कारभार उघडकीस आला, त्याचे श्रेय दोन असंबद्ध दिसणाऱ्या रोगांतील साम्य ओळखणाऱ्या त्या दृष्टीला दिले पाहिजे.

आता हे विकर निकामी झाल्याने पेशीची एवढी दैना का व्हावी, हे पाहू. प्रत्येक पेशीत जुनी झालेली, मोडकळीस आलेली द्रव्ये फोडून त्यांचे घटक पुन्हा उपयोगात आणण्यासाठी लयकारिका नावाच्या लहान पिशव्या असतात. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिश्चियन द ड्यूव्ह यांनी १९५५ मध्ये त्यांचा शोध लावला आणि १९७४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतील पुष्कळ प्रथिनांना शर्करांच्या शाखायुक्त साखळ्या जोडलेल्या असतात, आणि त्या साखळ्यांत मॅनोजचे कण असतात. प्रथिन जुने झाले की लयकारिकेतील निरनिराळी विकरे ही साखळी टोकाकडून एकेक कण काढीत क्रमाने सोडवितात. प्रत्येक कण काढण्याचे काम विशिष्ट विकराकडेच असते आणि त्याचे काम झाल्यावाचून पुढच्याला हात घालता येत नाही. तहसील कचेरीत एकाच प्रकारच्या कागदांवर निकाल लिहिण्याचा अधिकार ज्या एका कारकुनाला आहे तो रजेवर गेला, तर बाकीचे सर्व आपापल्या मेजांवर हजर असूनही ते कागद पुढे सरकत नाहीत, त्यांचे गठ्ठे आधी कपाटांत, मग जमिनीवर, मग वाटेत साठू लागतात, आणि अखेर इतर कामांसाठी आलेल्या माणसालाही पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. अल्फा-मॅनोसिडेजवाचून लयकारिकेची स्थिती नेमकी अशीच होते. स्वेन्सोनीनचा रेणू लहान आहे, पाण्यात विरघळणारा आहे, आणि मॅनोजचा कण तोडला जात असताना क्षणभर जे रूप धारण करतो त्या रूपाशी त्याचे विलक्षण साम्य आहे. म्हणून विकर त्याला आपले भक्ष्य समजून कवटाळते आणि अडकून पडते. त्यातच स्वेन्सोनीन सौम्य अल्कली असल्यामुळे आम्लयुक्त लयकारिकेत शिरल्यावर तिथेच साठत जाते, म्हणजे जिथे त्याने जाऊ नये नेमक्या त्याच ठिकाणी त्याचे प्रमाण वाढते. न तुटलेल्या मॅनोजयुक्त साखळ्यांनी लयकारिका फुगतात, एकमेकींना चिकटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पोकळ्यांनी जाळीदार झालेली दिसते. याशिवाय गॉल्जी संकुलात नवी प्रथिने तयार होत असताना त्यांच्या साखळ्यांना योग्य आकार देणारे दुसरे एक मॅनोसिडेजही हे विष बंद पाडते, त्यामुळे पेशीची जुनी घाण निघत नाही आणि नवा मालही सदोष निघतो. बेशरमात कॅलिस्टेजीन नावाची आणखी काही द्रव्ये आहेत. तीही शर्करा सोडविणाऱ्या इतर विकरांना अडवितात.

ही क्रिया केवळ मेंदूत घडते असे नाही. यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, अवटू ग्रंथी आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या सर्वांतच पोकळ्या पडतात, आणि रक्ताच्या थेंबातील लसीकापेशींतील या पोकळ्यांवरून प्रयोगशाळेत रोगाचा संशय घेता येतो. पण यकृताची पेशी मेली तर दुसरी निर्माण होते. प्रौढ जनावराच्या मेंदूतील चेतापेशींची अशी भरपाई जवळजवळ होतच नाही. जन्मापासून मरेपर्यंत त्याच पेशींनी काम रेटावयाचे असते. त्यातही अनुमस्तिष्कातील, म्हणजे लहान मेंदूतील, पुर्किंजे पेशींवर या विषाचा घाला विशेष पडतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३७ साली वर्णन केलेल्या या पेशी मेंदूतील मोठ्या पेशींपैकी असून त्यांच्या वृक्षिकांच्या शाखाप्रशाखांवर लक्षावधी अन्य तंतूंकडून येणारे संदेश एकवटतात. आणि त्या सर्वांचा निष्कर्ष अनुमस्तिष्काच्या बाह्यावरणातून बाहेर नेणारा मार्ग फक्त या पेशींचाच आहे. पाय किती उचलावा, मान कुठे थांबवावी, तोल कुठे जातो आहे, या सर्वांचे सूक्ष्म नियमन त्यांच्या आधाराने चालते. या पेशी साखळ्यांच्या ओझ्याने फुगल्या, त्यांच्या अक्षतंतूंत ठिकठिकाणी गाठी झाल्या, वृक्षिका भलत्याच जागी फुटू लागल्या, की पाय उंच पडतो, मान कापते, आणि शेळी आपल्याच वेगाने कोसळते. तिचे स्नायू शाबूत असतात, हाडे शाबूत असतात; त्यांना मिळणारी आज्ञाच चुकीची असते.

या वर्णनात आशेला जागा आहे, आणि ती शेळीपालकाने नीट ध्यानात ठेवावी अशी आहे. स्वेन्सोनीन विकराला कायमचे जखडून टाकीत नाही. बेशरम खाणे थांबले की हे विष थोड्याच दिवसांत मूत्रावाटे शरीराबाहेर जाते, विकर मोकळे होते, आणि साठलेल्या साखळ्यांचा निचरा सुरू होतो. यकृत-मूत्रपिंडांतील पोकळ्या लवकर नाहीशा होतात, चेतापेशींतील पुष्कळशा ओसरतात. परंतु मधल्या काळात ज्या पुर्किंजे पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. म्हणून डोके कापू लागण्यापूर्वी, नुसती लव विस्कटलेली व डोळे निस्तेज असतानाच जी शेळी बेशरमापासून दूर केली जाते ती बहुधा पूर्ण सावरते. आणि पाय फाकून उभी राहू लागलेली शेळी वजनाने सुधारली तरी घाबरली की अडखळते, ते अडखळणे तिच्या आयुष्याला चिकटून राहते. या विषावर कोणतेही प्रतिविष नाही. किराळीप्रमाणे सुई टोचून जनावर उठविता येत नसल्यामुळे येथे औषधापेक्षा वेळेचे मोल अधिक आहे.

बेशरमाविषयीची सर्वांत विस्मयकारक गोष्ट मात्र गेल्या काही वर्षांतच उजेडात आली. हे विष झुडूप स्वतः तयार करीत नाही! अमेरिकेतील युटा राज्यातील लोगन येथे विषारी वनस्पतींच्या अभ्यासासाठी तेथील कृषिखात्याची एक स्वतंत्र प्रयोगशाळा आहे; तेथील कुक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की बेशरमात वास करणारी एक सूक्ष्म बुरशी स्वेन्सोनीन निर्माण करते आणि बियांमधून ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. बुरशीनाशकाने संस्कारित केलेल्या बियांपासून वाढविलेल्या रोपांत हे विष आढळले नाही. लोकोवीडमध्येही हे काम बुरशीच करते, पण ती बुरशी निराळ्या कुळातली. झुडपाने बुरशीला आश्रय द्यावा आणि बुरशीने त्या झुडपाचे चरणाऱ्या जनावरांपासून रक्षण करावे, असा हा व्यवहार दिसतो. वाळलेल्या वनस्पतीतही स्वेन्सोनीन टिकून राहते. म्हणून तोडून वाळविलेले बेशरम निर्धोक असते, असे मानून ते गव्हाणीत टाकणे चुकीचे ठरेल.

दुसरी गोष्ट चवीची. पहिल्यांदा शेळी बेशरम नाइलाजाने खाते, परंतु एकदा तोंडाला लागले की पुढे दुसरा चारा असतानाही ती त्याच्याकडे ओढली जाते, असे अनेक देशांतील पशुपालकांनी व पशुवैद्यांनी नोंदविले आहे. आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये बेशरम खाऊन आजारी पडलेल्या शेळ्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही ही ओढ नमूद आहे. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावर कोरड्या ऋतूत सारी कुरणे वाळतात, बेशरम तेवढे हिरवे राहते, आणि तेथील शेळ्यांचे कळप त्यावर तुटून पडतात. अक्षांश-रेखांश सोडले तर ही हकीकत मन्याडच्या काठचीच वाटावी. ही सवय एका शेळीपासून दुसरीला लागते, कारण शेळी कळपातील दुसऱ्या शेळीचे पाहून चरावयाला शिकते. गाभण शेळीच्या पोटातील गर्भाला आणि दूध पिणाऱ्या करडालाही हे विष पोहोचते, त्यामुळे ज्या करडाने अद्याप पानाला तोंड लावलेले नाही तेही अशक्त निपजू शकते.

आता हा प्रश्न अहमदपूरचा का, हे सांगितले पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात, पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात असलेला हा तालुका महसुली दफ्तरात जिल्हे बदलीत आला. त्याचा कोरडेपणा मात्र बदलला नाही. लाल कंधारी गुरांचा हा मूळ मुलूख आहे. उस्मानाबादी शेळी, जी एका वेतात पुष्कळदा दोन करडे देते, तिचेही हे घर आहे. जवळच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, गुरे आणि शेळ्या यांचा जो मोठा बाजार भरतो तो या पशुधनाच्या परंपरेचाच पुरावा आहे. पूर्वी खरिपात आणि रब्बीत ज्वारीचा पेरा मोठा असे, आणि ज्वारीच्या मागे कडबा असे. कडब्याची गंज ही शेतकऱ्याची उन्हाळ्याची खरी पुंजी होती. गेल्या तीन-चार दशकांत खरिपाची बहुतेक जमीन सोयाबीनने व्यापली. सोयाबीनने हातात रोख पैसा दिला हे मान्य केलेच पाहिजे, पण त्याच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. त्याच सुमारास गायराने अतिक्रमणांनी आणि सरकारी इमारतींनी आक्रसत गेली. ज्याची स्वतःची जमीन आहे तो बैलासाठी कसाबसा चारा विकत आणतो. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याची चार शेरडे मात्र गायरानावर, रस्त्याच्या कडेने आणि ओढ्याच्या काठाने चरतात, आणि गायरान गेल्यावर त्यांच्या वाट्याला ओढ्याचा काठ उरतो, जिथे बेशरम उभे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे देशभर गाजले. त्या आणि त्याच्या आधीच्या दुष्काळांत चारा छावण्याही उघडल्या गेल्या, पण त्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी होत्या. शेळी ही गरिबाची गाय असे आपण भाषणांतून म्हणतो. छावणीच्या हिशेबात त्या गायीची गणना क्वचितच होते, याचे मला मनापासून दुःख होते.

करण्यासारखे जे आहे ते अवघड नाही, फक्त चिकाटीचे आहे. ओढ्याकाठचे बेशरम नुसते तोडून उपयोग नाही, कारण तोडलेल्या प्रत्येक तुकड्याला मूळ फुटते. ते मुळांसकट उपटून, पाण्यापासून दूर उंचवट्यावर पसरून, पूर्ण वाळल्यावर जाळले पाहिजे, आणि वाळत असताना तिथे शेळ्या फिरकणार नाहीत याचा बंदोबस्त केला पाहिजे. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यातील मजुरीची कामे काढताना पाझर तलावांच्या भोवतालचे बेशरम काढणे हे काम त्यांत धरले तर एकाच वेळी तलावाची साठवण वाढेल आणि जनावरांचा धोका कमी होईल. मोकळ्या झालेल्या ओलीत सुबाभूळ, हादगा, शेवरी यांसारखी पाल्याची झाडे लावावीत, कारण हिरव्याच्या ठिकाणी दुसरे हिरवे उभे केल्यावाचून शेळीला तिथून हाकलणे हा अन्याय आहे; सुबाभूळ मात्र एकटीच पोटभर घालू नये, तिच्यातही मायमोसीन नावाचे द्रव्य आहे आणि अतिरेकाने त्याचा अपाय होतो. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांसारख्या संस्था आपल्या दाराशी आहेत. उन्हाळ्यात मेलेल्या शेळ्यांच्या मेंदूची तपासणी तेथे नियमाने होऊ लागली, तर या तालुक्यात किती शेळ्या उपासमारीने गेल्या आणि किती बेशरमाने, याचा पहिला खरा तपशील आपल्या हाती येईल.

ज्यांच्या कळपाला हे व्यसन लागलेच आहे त्यांच्यासाठी ब्राझीलच्या पशुवैद्यांनी एक युक्ती वापरून पाहिली आहे. शेळीने बेशरमाची पाने खाल्ली की लगेच तिला लिथियम क्लोराइड पाजतात. त्याने तिला मळमळते, आणि मळमळीचा संबंध ती त्या पानांशी जोडून पुढे त्यांना तोंड लावीत नाही. माराजो बेटावर या उपायाने शेळ्या बेशरमापासून परावृत्त झाल्या. पण परावृत्त झालेल्या शेळ्यांमध्ये सवयीची एक शेळी सोडली तर तिचे पाहून इतरही पुन्हा खाऊ लागण्याचा धोका असतो. हा उपाय पशुवैद्याच्या देखरेखीवाचून कोणी करू नये. मात्र माळेगावच्या किंवा अन्य कोणत्याही बाजारातून शेळी आणताना तिचे डोके हाताने वर धरून सोडून पाहणे, आणि आणल्यावर काही दिवस तिला वेगळी बांधून ती कशाला तोंड लावते हे पाहणे, एवढे तर कोणत्याही शेळीपालकाला आजपासून करता येईल.